रोषणाईचा रोग

आमच्या घरासमोरील चौकांत वडाचें एक जुनें झाड आहे. आमच्या वडिलांनीं येथें घर बांधलें तेव्हांहि त्याच्या पारंब्या जमिनीस टेकलेल्या होत्या, असें ते सांगत. दोन वर्षांपूर्वीं गणेशोत्सवाच्या आठ दिवस आधीं एके दुपारीं शिड्या घेऊन माणसें आलीं. त्यांनीं बुंध्यापासून फांद्यांच्या टोकांपर्यंत विजेच्या माळा गुंडाळल्या, जेथें माळ ठरेना तेथें खिळे ठोकले, आणि बुंध्याशीं चार प्रखर दिवे आकाशाकडे तोंड करून जमिनींत पुरले. उत्सव संपला, नवरात्र गेलें, दिवाळी गेली. माळा मात्र उतरल्या नाहींत. तेव्हांपासून हा वड संध्याकाळीं जांभळा होतो, मग हिरवा, मग तांबडा, मग पुन्हां जांभळा. आणि सकाळीं सहा वाजेपर्यंत त्याचें हें रंग बदलणें चालूच राहतें.

पूर्वीं वडाचीं फळें पिकलीं कीं रात्रीं वटवाघळांचा कलकलाट इतका चाले कीं, उत्तरपत्रिका तपासतांना आम्ही खिडकी लावून घेत असूं. गेल्या दोन हंगामांत खिडकी लावण्याचें कारण पडलें नाहीं. फळें पडतात, पायांखालीं चिरडतात, आणि झाडूवाल्यांस ओझें होतात.

आम्हीं संबंधित कचेरींत अर्ज दिला. तीन महिन्यांनीं उत्तर आलें, त्याचा मथितार्थ असा कीं, काम सुशोभीकरण या सदराखालीं रीतसर मंजूर झालेलें असून लोकांस तें आवडलें आहे. दुसरें विधान खरें आहे हें आम्हांस कबूल करावें लागतें. संध्याकाळीं त्या झाडापुढें उभें राहून छायाचित्रें काढून घेणाऱ्यांची रांग लागते, आणि त्यांत आमचे विद्यार्थी असतात, सहकारीहि असतात. तेव्हां हा वाद कोणा एका कचेरीशीं नाहीं. तो तुमच्या-आमच्यासारख्या शिकलेल्या घरांतील अभिरुचीशीं आहे, आणि म्हणूनच तो या मासिकाच्या पानांवर मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आधीं त्या शब्दाचाच समाचार घेऊं. संस्कृत व्याकरण थोडेंबहुत ज्यांस येतें त्यांस ठाऊक आहे कीं, 'शुद्धीकरण' म्हणजे जें शुद्ध नव्हतें तें शुद्ध करणें, 'एकीकरण' म्हणजे जें एक नव्हतें तें एक करणें. शब्दांत ही 'ई' शिरली कीं वस्तूची पूर्वीची स्थिति तशी नव्हती असें आपोआप ठरतें. मग वडाचें सुशोभीकरण याचा अर्थ काय झाला? शंभर पारंब्यांचा, हजार पांखरांचा, भर उन्हाळ्यांत चौकावर सावली धरणारा तो वृक्ष ठेकेदाराची शिडी येईपर्यंत अशोभनीय होता, असा! ज्यानें हा शब्द प्रथम सरकारी कागदांत आणिला त्यानें नकळत आपलें सारें तत्त्वज्ञान एका प्रत्ययांत सांगून टाकिलें आहे.

बाग करणारा आणि दिवा लावणारा हे दोघेहि एका समजुतीनें कामास लागतात. पहिला समजतो कीं जमीन ही कोरी पाटी आहे. दुसरा समजतो कीं रात्र ही कोरी पाटी आहे. दोघांचीहि समजूत खोटी आहे. जमिनीवर आधींच कांहीं लिहिलेलें असतें हें निदान माळ्यांस तरी माहीत असतें. पण रात्रीच्या अंगींहि कांहीं काम नेमलेलें आहे, काळोख म्हणजे नुसता उजेडाचा अभाव नव्हे, ही गोष्ट अजून आपल्या सुशिक्षितांच्या गळीं उतरलेली नाहीं. म्हणून तिजविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

१९२० सालीं अमेरिकेंत गार्नर व ॲलर्ड या दोघां शास्त्रज्ञांनीं तंबाखूच्या एका जातीवर प्रयोग करून दाखविलें कीं, झाडास फूल केव्हां यावें हें दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतें. पुढें असें दिसून आलें कीं, झाड खरोखर मोजतें तें दिवसाचा उजेड नव्हे, तर अखंड काळोखाचे तास मोजतें. कित्येक जातींत मध्यरात्रीं थोडा वेळ दिवा दाखविला तरी तो हिशेब मोडतो. हें ज्ञान केवळ प्रयोगशाळेंत राहिलेलें नाहीं. शेवंतीचें पीक घेणारे बागाईतदार फुलें हव्या त्या मुहूर्तावर यावींत म्हणून हरितगृहांत रात्रीं दिवे लावून कळ्या लांबणीवर टाकतात. म्हणजे बाजारासाठीं झाड फसवावयाचें असेल तेव्हां दिव्याचा परिणाम आपणांस पुरता ठाऊक असतो. चौकांतल्या झाडावर माळा चढवितांना मात्र तोच दिवा निरुपद्रवी ठरतो! १९३६ सालीं मॅट्झके नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील झाडांविषयीं लिहून ठेविलें आहे कीं, दिव्याच्या बाजूच्या फांद्यांचीं पानें हिवाळ्याच्या तोंडीं इतर फांद्यांच्या मागाहून गळतात. नव्वद वर्षें होत आलीं या गोष्टीला. एकाच झाडाच्या एका अंगाला शरद् ऋतु आला आहे आणि दुसऱ्या अंगाला त्याची वार्ता नाहीं, असा प्रकार. आपल्याकडील रातराणी, निशिगंध, संध्याकाळीं उमलून पहांटे अंगण भरणारा पारिजातक हीं सारीं झाडें रात्रीचींच नोकर आहेत. त्यांचा वास माणसांच्या सोईसाठीं रात्रीं सुटत नसून रात्रीं उडणाऱ्या पतंगांसाठीं सुटतो.

पतंगांचें नांव निघालेंच आहे तर आम्हां साहित्याच्या अध्यापकांची एक जुनी चूकहि पदरांत घेतों. दिव्यावर झेप घालून जळून जाणारा पतंग हा प्रेमाचा आदर्श म्हणून आम्हीं किती वर्षें वर्गांत शिकविला! २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत किड्यांचें उडणें अतिवेगवान छायाचित्रणानें टिपून पाहिलें, तेव्हां असें आढळलें कीं किडा दिव्याकडे ओढला जात नाहीं, तो दिव्याकडे पाठ करितो. लक्षावधि वर्षें रात्रीं उजळ बाजू म्हणजे आकाश, म्हणजे वरची दिशा. म्हणून उजेडाकडे पाठ ठेवून तो आपला तोल सांभाळीत आला. शेजारीं दिवा लागला कीं त्याचें 'वर' आणि 'खालीं' यांचें भान सुटतें व तो दिव्याभोंवतीं घिरट्या घालीत अडकून पडतो. ही प्रीति नव्हे, दिशाभूल आहे. कवींस यापुढें दुसरी उपमा शोधावी लागेल. आणि बागायतदारांस कदाचित् दुसरा धंदा, कारण स्वित्झर्लंडमधील कुरणांवर दिवे लावून २०१७ सालीं जें पाहण्यांत आलें त्याप्रमाणें उजेडांतील फुलांकडे रात्रींच्या किड्यांच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनीं घटल्या, आणि तपासलेल्या एका झाडाची फलधारणाहि १३ टक्क्यांनीं उतरली. दिवसा येणाऱ्या मधमाश्यांस ती तूट भरून काढतां आली नाहीं.

इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या सरी येऊन मृगाची वाट पाहणें सुरू झालें म्हणजे भंडारदऱ्याच्या रानांत काजवे निघतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या फांद्यांवर ते हजारोंनीं बसतात आणि सारें झाड एका श्वासांत उजळतें, एका श्वासांत विझतें. हा चमत्कार म्हणजे विवाहाचा बाजार आहे: नर आपली खूण करितो, मादी आपल्या जागेवरून उत्तर देते, आणि थोड्या आठवड्यांच्या त्या आयुष्यांत हें संभाषण जमलें नाहीं तर पुढील पिढी नाहीं. आतां हा देखावा पाहण्यास शनिवारीं रात्रीं शहरांतून मोटारींची रीघ लागते. मोटारींचे दिवे, हातांतल्या विजेऱ्या, दूरध्वनीच्या पडद्यांचा निळा उजेड, वाटेवरच्या उपाहारगृहांचे झोत! ज्या दोन जिवांस एकमेकांची मिणमिण दिसली पाहिजे त्यांच्या डोळ्यांपुढें आपण सूर्य धरितों, आणि घरीं येऊन तक्रार करितों कीं यंदा काजवे पूर्वींसारखे नव्हते. आम्हींहि एका वर्षीं हें पाप केलेलें आहे. आमच्या हातीं विजेरी होती, आणि एका ठाकर मुलानें ती आमच्या हातून घेऊन विझविली, तेव्हां आम्हांस त्याचा रागहि आला होता. त्या मुलानें आम्हांस जें शिकविलें तें तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हीं कोणास शिकविलें असेल असें वाटत नाहीं.

वेळास आणि आंजर्ले येथील वाळूंत कासवाचीं पिलें अंड्यांतून रात्रीं किंवा भल्या पहांटे बाहेर पडतात, आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे चालूं लागतात. निसर्गतः उजळ बाजू समुद्राची. किनाऱ्यावर विश्रामगृह बांधून त्यावर पांढरा झोत सोडला कीं पिलू जमिनीकडे वळतें. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत किनाऱ्यावरील गांवांनीं याकरितां नियमच केले आहेत: कासवांच्या हंगामांत किनाऱ्यावरून दिसणारा दिवा नको, हवाच असेल तर तो खालीं, झांकलेला आणि तांबूस-पिवळा.

यावर आमचे एक स्नेही, जे स्वतः इंजिनियर आहेत, आम्हांस म्हणतात, "तुम्हांला पुन्हां कंदिलाच्या युगांत जावयाचें आहे काय? रात्रीं मुली शिकवण्यांहून घरीं येतात, त्यांचा विचार केला आहे काय?" आक्षेप खरा आहे. आमचीहि मुलगी रात्रींच्या गाडीनें येते, आणि स्थानकापासून घरापर्यंतच्या वाटेवर उजेड असावा असें आम्हांसहि वाटतें. पण हा आक्षेप जांभळ्या वडास लागू पडत नाहीं. त्या चौकांतून निघून आमच्या गल्लींत शिरणारी मुलगी चकाकीनें दिपलेले डोळे घेऊन अंधाऱ्या तोंडांत पाऊल टाकते. झाडावर खर्च झालेली वीज गल्लीच्या तोंडाशीं एक साधा, खालीं वळलेला दिवा लावण्यास पुरून उरली असती. डोळ्यास शिरणारा उजेड आणि वाटेवर पडणारा उजेड या दोन निराळ्या वस्तु आहेत. इंग्लंड व वेल्स येथील ६२ स्थानिक संस्थांच्या हद्दींत रात्रीं दिवे मंद केले किंवा कांहीं तास बंद ठेविले, त्याचा २०१५ सालीं हिशेब प्रसिद्ध झाला. गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा त्यांत मिळाला नाहीं. यावरून आपल्या गल्लीबोळांतले दिवे काढावेत असें आम्ही म्हणत नाहीं. दिवे वाढले कीं सुरक्षितता वाढली, हें समीकरण तपासल्यावांचून गृहीत धरूं नये, एवढेंच म्हणणें.

चांगला दिवा म्हणजे काय याचें उदाहरण न्यूयॉर्क शहरांतच आहे. तेथें उन्नत लोहमार्गाचा एक भाग १९८० पासून ओस पडला होता. रुळांच्या खडींत वाऱ्यानें आलेल्या बियांचें रान माजलें होतें. २००९ पासून त्याचें 'हाय लाइन' नांवाचें उद्यान झालें. पीट आउडॉल्फ या डच उद्यानकारानें तें रान डोळ्यांपुढें ठेविलें. त्यापासून धडा घेऊन गवतें व रानफुलें लाविलीं. आणि हर्व्हे देकॉत यांनीं दिवे लाविले ते कठड्याखालीं, बांकांखालीं, माणसाच्या कमरेच्या खालीं. वाट दिसते, पाऊल दिसतें, आणि मान वर केली तर डोळ्यांत दिवा शिरत नाहीं. फार मोठी बुद्धिमत्ता लागते असेंहि नाहीं. फक्त दिवा लावणाऱ्यानें दिवा दाखविण्याचा मोह सोडिला पाहिजे.

त्याच शहराची दुसरी गोष्ट आम्हांस अधिक शिकविते. ११ सप्टेंबर २००१ च्या संहारांत गेलेल्यांच्या स्मरणार्थ तेथें दरवर्षीं त्या रात्रीं ८८ प्रचंड दिव्यांचे दोन स्तंभ आकाशांत सोडतात. तो काळ पक्ष्यांच्या स्थलांतराचा. शास्त्रज्ञांनीं सात वर्षांतील त्या सात रात्रींचा हिशेब केला, तेव्हां अकरा लक्ष पक्ष्यांवर त्या उजेडाचा परिणाम झाला असा अंदाज निघाला. पक्षी झोतांत सांपडून गोल गोल फिरतात, थकतात. म्हणून तेथें निरीक्षक बसतात, आणि झोतांत हजारांवर पक्षी अडकले कीं दिवे सुमारें वीस मिनिटें बंद करितात. पक्षी वाट धरितात, मग दिवे पुन्हां लागतात. ज्या शहरानें आपल्या मृतांसाठीं लाविलेला दिवा पांखरांसाठीं विझविण्यांत कमीपणा मानिला नाहीं, त्याचा विचार आमच्या चौकांतील सुशोभीकरणवाल्यांनीं एकदां करावा. शोकाचा दिवा वीस मिनिटें थांबतो. आमची गंमत सकाळीं सहापर्यंत थांबत नाहीं.

जमिनीविषयीं थोडक्यांत. पोप या इंग्रज कवीनें १७३१ सालीं एका उमरावास लिहिलेल्या पद्यपत्रांत बाग करणाऱ्यास असा उपदेश केला कीं, प्रत्येक बाबतींत त्या स्थळाच्या अधिष्ठात्या देवतेचा कौल घ्यावा. आमच्या वर्गांत हें शिकवितांना मुलांस आम्ही म्हणतों, इंग्रज कवीला ही कल्पना बुद्धीनें सुचली; आपल्या कोंकणांत व मावळांत ती देवता खरोखरच राईंत बसलेली आहे, आणि देवराईंतली वाळकी काटकीहि तिच्या परवानगीवांचून कोणी उचलीत नसे. इयान मॅक्हार्ग यानें १९६९ च्या आपल्या ग्रंथांत हाच कौल घेण्याची शास्त्रीय रीत घालून दिली: खडक, माती, पाणी, झाडोरा यांचे नकाशे पारदर्शक कागदांवर काढून एकावर एक ठेवावे व मग कोठें काय करूं नये तें ठरवावें. आपल्या नगरांत मात्र अजून हिरवळीचे गालिचे, निविदेंत ठरलेलें परदेशी झुडूप आणि बुंध्याच्या गळ्यापर्यंत फरशी हाच नकाशा चालूं आहे. फरशीखालच्या मुळांस पाणी व हवा मिळावी म्हणून राष्ट्रीय हरित लवादास २०१३ सालीं दिल्लींत झाडांभोंवतींची एक मीटर जागा मोकळी करण्यास सांगावें लागलें, यावरून काय तें समजावें. याउलट जोधपूरच्या किल्ल्याखालचें राव जोधा उद्यान पाहा. तेथें २००६ पासून प्रदीप क्रिशन यांनीं काम केलें. खडकांत रुतलेली वेडी बाभूळ काढण्यास यंत्रें हरलीं, तेव्हां दगड फोडणाऱ्या खांडवालिया कारागिरांनीं छिन्नी-हातोड्यानें मुळापर्यंत जाऊन ती काढिली, आणि त्याच खळग्यांत मरुभूमीचीं स्वतःचीं झाडें लाविलीं. हिरवळ नाहीं, कारंजें नाहीं. उन्हाळ्यांत तें उद्यान रखरखीत दिसतें आणि दिसावें असाच त्याचा बेत आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो आमच्यापुढें नेहमीं मोठ्या आवाजांत मांडला जातो: आमची संस्कृति प्रकाशाची उपासक आहे, उपनिषदांतील ऋषीनें अंधारांतून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना केली, दिवाळी हा आमचा सर्वांत मोठा सण आहे, आणि तुम्ही अंधाराची वकिली करितां! ऋषीनें मागितलेला प्रकाश महावितरणाच्या जोडणींतून येत नाहीं, हें सोडून देऊं. पण दिवाळीचेंच पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येस असतें. पणतींत तेल असतें तेवढा वेळ ती जळते, आणि मग घर निजतें. जेजुरीच्या गडावर दीपमाळा उभ्या आहेत. सणाउत्सवाला त्या पाजळतात आणि एरवीं काळ्या पाषाणाच्या मुक्या उभ्या असतात. ज्यांनीं त्या बांधिल्या त्यांस तेल परवडत नव्हतें म्हणून रोज लावीत नव्हते असें कोणी म्हणेल. असेलहि. पण रोज लाविली असती तर ती दीपमाळ पाहण्यास गडावर कोण चढलें असतें? आम्हांस दिवाळी नको आहे असें नव्हे. दिवाळी उरली पाहिजे म्हणूनच आम्ही ती वर्षभर चालूं ठेवण्याच्या विरुद्ध आहों.

आणि अंधार गमावून आपण आपलेंहि कांहीं गमावतों. २०१६ सालीं जगाच्या रात्रींचा जो नकाशा प्रसिद्ध झाला त्याप्रमाणें मानवजातीच्या तिसऱ्या हिश्श्यास आकाशगंगा दिसत नाहीं. २०११ ते २०२२ या काळांत जगभरच्या हौशी निरीक्षकांनीं मोजलेल्या ताऱ्यांवरून रात्रींचें आकाश दरसाल सुमारें १० टक्क्यांनीं उजळत असल्याचें दिसलें. म्हणजे जें मूल आज जन्मलें त्याच्या अठराव्या वर्षीं त्याचें आकाश चौपटीहून अधिक उजळ झालेलें असेल. गेल्या वर्षीं वर्गांत सप्तर्षींचा उल्लेख आला, तेव्हां सत्तर मुलांपैकीं ते आकाशांत ओळखतां येणारीं चार निघालीं, आणि तीं चारहि खेड्यांतून आलेलीं. उपाय अगदींच नाहीं असें नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथील गांवांतले दिवे काढून टाकिले नाहींत, बदलिले, खालीं वळविले. वाघांच्या शेजारीं राहणाऱ्या खेडुतांस जर मंद व खालीं वळलेल्या दिव्यांत रात्र काढतां येते, तर आम्हां शहरवासीयांस एका वडाच्या झाडाची भीति कां वाटावी?

२०२४ सालींच झाडांवरील रोषणाईविरुद्धची जनहितयाचिका मुंबई उच्च न्यायालयापुढें आली, आणि न्यायालयानें सरकार व महानगरपालिका यांस आपलें म्हणणें मांडण्यास सांगितलें. राज्याचा १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा झाडास इजा करणें हें तोडण्यांतच गणतो. म्हणून खिळ्यांविषयीं आम्हीं दुसरा अर्ज केला आहे. त्यांत मागणी मोठी नाहीं: माळा व खिळे उतरवावे, बुंध्याशीं पुरलेले झोत काढून त्याऐवजीं गल्लीच्या तोंडाशीं पिवळ्या उजेडाचा, टोपीचा एक दिवा लावावा, आणि उत्सवाच्या दहा रात्रीं हवी तर रोषणाई करावी, पण झाडाभोंवतीं खांब रोवून, आणि तीहि रात्रीं दहापर्यंत. आमच्या गल्लींतील एकतीस घरांपैकीं अकरांनीं त्यावर सह्या केल्या. वीसांनीं केल्या नाहींत. त्यांपैकीं कित्येकांनीं आम्हांस सांगितलें कीं, पाहुणे आले म्हणजे त्यांस दाखविण्यासारखें गांवांत तेवढें एकच आहे.